मेलेल्या आईच्या हातच्या पोळ्या

आधीच सांगून ठेवतो, हे तुम्ही मानणार नाही. दीक्षितपुऱ्यात माझ्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवला, तर शेजारचे त्याच्या घरी विचारायला जातात, तब्येत बरी आहे नं म्हणून. ग्वारीघाटावर मगरीच्या पाठीवर बसून मी नर्मदा ओलांडली, हे मी कैकदा सांगितलं आहे आणि दर वेळी मगर हातभर लांब झाली आहे. पण आजची गोष्ट मगरीहून अवघड. एक बाई स्वतःच्या पोटच्या पोरीला रोज पोळी वाढत होती, आणि ती पोर तिच्यासमोर उभी राहून सांगत होती की माझी आई मेली. बघा, नाहीच मानलंत.

निघालं ते मटारांवरून. डिसेंबर लागला की आमच्या जबलपुरात घरोघर मटार निवडायला बसतात. त्या दिवशीही अंगणात उन्हाचा पट्टा होता, सतरंजीवर शेंगांचा ढीग होता. भोवती माझा मुलगा केतन, सूनबाई विभावरी आणि वरच्या खोलीत भाड्याने राहणारी सलोनी. सलोनी नर्स आहे. दवाखान्यातून आली की झोपायच्या आधी आमच्यात घटकाभर बसते. बोलते कमी. मराठी मात्र आमच्या केतनपेक्षा बरी.

विभावरीने तिच्या हातात चहा दिला.

"थँक्यू आंटी."

"अगं, आंटी काय? मी काय म्हातारी झाली? वहिनी म्हण. कितीदा सांगू तुला!"

सलोनी ओशाळून हसली. कोणी हातात खायला-प्यायला दिलं की ते दोन शब्द तिच्या तोंडून कुकरच्या शिटीसारखे आपोआप सुटायचे. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

"बाबा," विभावरी माझ्याकडे वळली, "रविवारी यशूचा वाढदिवस. यंदा हॉटेल-बिटेल काही नाही. महाराजपूरच्या त्या अनाथाश्रमात करून राहिलो आम्ही. पाखरमाया. केक नेऊ, ह्या मटारांच्या कचोऱ्या नेऊ. पोरीला कळलं पाहिजे नं, जगात किती दुःख आहे ते."

"सात वर्षांची आहे ती," मी म्हटलं. "दुःख कळायला थोडी घाई नाही होत?"

"तुम्हाला काहून त्रास होऊन राहिला बाबा?" केतन म्हणाला. "चांगलं काम आहे. फोटो पण छान येतील."

"आणि त्या वसुधाताई फोनवर इतकं गोड बोलतात!" विभावरी म्हणाली. "म्हणाल्या, मुलं एकेक करून आपली कहाणी सांगतील, रुमाल घेऊन या."

सलोनीच्या परातीत दाण्यांबरोबर एक आख्खं साल पडलं. तिने ते उचललं नाही.

"वसुधाबाई अजून आहेत तर," मी म्हटलं. "ऐका मग. त्या पाखरमायेत मी सांताक्लॉज होतो."

"सुरू झालं," केतन म्हणाला. "अब हरीण पण येईल उडतं."

हरीण नव्हतं. बाकी सगळं होतं. फॅक्टरीतून मी नुकताच रिटायर झालो होतो. आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात वसुधाबाईंनी मला हेरलं. पोट माझं, दाढी त्यांची. बाई आपल्यातल्याच, आवाज असा मऊ की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी चुकलो आहोत असं वाटावं. देव त्यांना कोणताही चालायचा. गणपतीत आपल्या लोकांचे मोदक यायचे, पितृपक्षात कोणाकोणाच्या वडिलांच्या नावाचं जेवण यायचं, आणि नाताळात परदेशातून चर्चची मंडळी यायची, दहा दिवस अनाथांची सेवा करायला. निळे टी-शर्ट, पाठीवर भल्या मोठ्या पिशव्या, तरुण पोरंपोरी. त्यांच्या प्रार्थनेला मी हसणार नाही. डोळे मिटून करायचे, मनापासून करायचे.

सेवा म्हणजे काय, तर भिंत रंगवायची. पाहुण्यांना भिंत रंगवायला फार आवडतं. म्हणून दर नोव्हेंबरात वसुधाबाई पोरांच्या हातात पत्र्याचे तुकडे द्यायच्या आणि मागच्या पाहुण्यांनी रंगवलेली भिंत खरवडून घ्यायच्या. फुलं, फुलपाखरं, इंद्रधनुष्य, सगळं नखांत भरायचं. पाहुण्यांची गाडी फाटकाशी वळली की पोरांच्या अंगातले स्वेटर काढून पेटीत जायचे. पोरं कुडकुडत स्वागताचं गाणं म्हणायची. संध्याकाळपर्यंत नवे स्वेटर यायचे.

"काहीही हं बाबा," विभावरी म्हणाली.

मी म्हटलंच होतं, मानणार नाही.

तिथं एक पोर होती, फगनी. नऊ-दहा वर्षांची, कुंडमच्याही पलीकडच्या रानातल्या गावची. फगनी हे नाव पाहुण्यांच्या जिभेवर चढेना म्हणून बाईंनी तिचं दुसरं काही ठेवलं होतं. ते मला आता आठवत नाही. बाप नागपूरकडे रस्त्याच्या कामावर जायचा. आई सुकवारो. आश्रमाचा एक माणूस गावात गेला आणि म्हणाला, इंग्रजी शाळा, गादीचा पलंग, वाटेल तेव्हा येऊन भेटा. कोणत्या आईला नको वाटेल? पाठवली पोर. मग सुकवारो भेटायला यायची, आणि फाटकावरून उत्तर मिळायचं, पाहुणे आले आहेत, नंतर या. पुन्हा आली, तर परीक्षा आहे. पुन्हा आली, तर ती फाटकापाशी बसूनच राहिली. उठेचना.

तेव्हा वसुधाबाई स्वतः बाहेर आल्या. "बेटी के पास रहना है?" मऊ आवाजात विचारलं. "रहो. रसोई में बाई चाहिए. पण एक गोष्ट. हे अनाथांचं घर आहे. इथं कोणालाच आई नाही. तू तिची आई निघालीस, तर पाहुणे येणार नाहीत आणि सगळी पोरं उपाशी राहतील. चालेल तुला?"

आणि फगनीला आत नेऊन सांगितलं, "ही रोटीवाली आंटी. एकदा जरी अम्मा म्हणालीस, तर दुसऱ्या दिवशी आंटी दिसणार नाही."

म्हणजे बघा कसं. आईजवळ राहायचं असेल, तर आई मेली म्हणायचं.

रोज संध्याकाळी पाठांतर व्हायचं. हे मी कानांनी ऐकलं आहे, दाढी लावून बसलो होतो ओसरीत.

"अम्मा कहाँ गई?"

"नदी में."

"नदी नको. नर्मदा म्हण. पाहुणे नर्मदा बघून आलेले असतात. पुन्हा."

"नर्मदा में. पाँव फिसल गया."

"डोळे कोरडे काहून? आंटीकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. मनात आण, अम्मा बुडून राहिली आहे, हात वर करून राहिली आहे, आणि तू काठावर उभी. हां. आता बोल."

पलीकडे पत्र्याच्या आडोशाला सुकवारो पोळ्या लाटत असायची. लाटण्याचा आवाज थांबायचा. मग बाई तिकडे तोंड करून म्हणायच्या, "सुकवारो, जल गई क्या?" आणि आवाज पुन्हा सुरू व्हायचा.

त्या बाईला पोरीजवळ निजता येत नव्हतं, वेणी घालता येत नव्हती, ताप आला तरी कपाळाला हात लावता येत नव्हता. एकच चोरी ती करायची. फगनीची पोळी तव्यावर टाकायच्या आधी कडेला अंगठा दाबून एक खळी पाडायची. पोर ताटात खळी शोधायची आणि तिथून खायला लागायची.

"हाय रे," विभावरी पुटपुटली. तिचे हात थांबले होते. सलोनीचे चालू होते, भराभर.

त्या वर्षीच्या पाहुण्यांत हॅना नावाची मुलगी होती. आपल्या कॉलेजातल्या पोरींएवढीच. एका दुकानात उन्हाळाभर काम करून तिकिटाचे पैसे जमवून आलेली. फगनीला मांडीवरून खाली ठेवायची नाही. तिच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालायची, आणि आडोशातून सुकवारो बघायची. फगनीही तिला चिकटली. तिथली पोरं कोणालाही चिकटायची, दर डिसेंबरात नवीन हात यायचे आणि जानेवारीत निघून जायचे, तर असतील तेवढे दिवस घट्ट धरायचे. पाहुण्यांना वाटायचं, किती प्रेमळ पोरं आहेत! हॅना रोज रडायची. तिच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. मी खोट्याचा जुना व्यापारी आहे, खरा माल मला लगेच ओळखू येतो. तिने एवढंच कधी विचारलं नाही, की ही पोरं झोपेत अम्मा-अम्मा करतात ती कोणाला.

शेवटच्या संध्याकाळी मोठा कार्यक्रम झाला. रंगवलेल्या भिंतीसमोर खुर्च्या मांडल्या. मी लाल कपड्यांत पोतं घेऊन कोपऱ्यात उभा. पंगत बसलेली, सुकवारो टोपली घेऊन वाढत होती. एकेक पोर उठून सांगत होतं, बाईंचं इंग्रजी मागून चाललं होतं. कोणाचा बाप ट्रकखाली, कोणाची आई आगीत. मग फगनी उठली.

"मेरी अम्मा," ती म्हणाली, आणि थांबली.

सुकवारो तिच्यापासून चार हातांवर होती. टोपलीतली पोळी हातात तशीच.

"मेरी अम्मा नर्मदा में," बाईंनी मऊ आवाजात पुढचं सुचवलं.

आणि काय सांगू तुम्हाला! त्या पोरीने मान वर केली, वाघिणीसारखी बाईंकडे बघितलं आणि ओरडली, "नहीं मरी! मेरी अम्मा नहीं मरी! वो रही मेरी अम्मा!" पळत गेली, सुकवारोच्या कमरेला मिठी मारली. टोपली उडाली, पोळ्या सगळ्या अंगणभर. मग तर सगळीच पोरं उठली. हा म्हणतो माझा बाप मंडल्याला आहे, ती म्हणते माझी आजी शहपुऱ्याला आहे. हॅनाने सुकवारोच्या पायांवर डोकं ठेवलं. मी दाढी उपटून फेकली आणि वसुधाबाईंना असं काही फैलावर घेतलं, की त्यांचा मऊ आवाज जो गेला तो गेलाच. सकाळच्या बसने मायलेकी कुंडमला गेल्या. खिडकीत बसून पोर मला हात करत होती. आश्रमाला कुलूप लागलं.

विभावरीने पदराने डोळे टिपले. "काय हिंमतीची पोर हो! एवढीशी!"

"एक मिनिट," केतन म्हणाला. "कुलूप लागलं, तर मग रविवारी आपण कुठं जाऊन राहिलो?"

"ते नवीन असेल," मी म्हटलं. "नाव तेच ठेवलं असेल. लोक ठेवतात."

"खोटं."

सलोनीने परात खाली ठेवली होती.

"खोटं बोलून राहिले तुम्ही, नाना. मगरीचं सांगा, हे नका सांगू. ती नाही ओरडली. तुम्ही दाढी पण नाही काढली. तुम्ही कोपऱ्यात उभे होते आणि नंतर सगळ्यांना संत्र्याची गोळी वाटली. मलेही दिली." तिचा आवाज चढला नाही. "ती थांबली होती, हे खरं. पण मग तिने सगळं म्हटलं. नर्मदा पण म्हटलं, रडून म्हटलं. हॅना दीदीला इतकं भरून आलं की ती उठली, रोटीवाल्या आंटीला हात धरून पुढे आणलं आणि म्हणाली, हिला मिठी मार, आजच्या दिवस हीच तुझी आई. वसुधा मॅडमनी हसून ते हिंदीत सांगितलं. सगळ्यांनी फोटो काढले. वर्षभरात पहिल्यांदा अम्मानं मले जवळ घेतलं होतं, नाना, आणि ती सोडेचना. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. म्हणून मी म्हटलं, थँक्यू आंटी."

तिने परात पुन्हा जवळ ओढली.

"तरी सकाळी अम्माले काढलंच. म्हणे, मिठी जास्त वेळ मारली. माझ्या ताटातल्या पोळीला त्या दिवसापासून खळी नाही. ते दुसरं नाव विसरले नं तुम्ही? सलोनी. रविवारी जाल, वहिनी, तर तिथल्या पोरांना आईचं काही विचारू नका." तिने परातीतलं साल उचललं, हातात चुरगाळलं. "अम्मा आहे अजून, गावालेच आहे. रोज फोन लावते मी. तिकडून हॅलो आलं, की माझ्या तोंडातून अजून आंटीच निघते."