काटेबाईंची रजिस्टरं

"नाही म्हणजे नाही," काटेबाई म्हणाल्या आणि कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "माणसाचं वजन ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे?"

समोरचा लेखक पडेल चेहऱ्यानं चहा ढवळत राहिला. बारा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या विमान कंपनीचा इतिहास लिहायला तो निघाला होता आणि हाती लागलं होतं जेमतेम अर्धं पान. दोन लहान विमानं, एकोणीस वर्षं, मग टाळं. बाकीचे कागद रद्दीत गेले होते. वाचली ती फक्त काटेबाईंनी दोन खेपा करून घरी आणलेली प्रवाशांची रजिस्टरं.

त्या इवल्याशा विमानात सामानाबरोबर माणसंही तोलावी लागत. प्रत्येकाला काट्यावर उभं करायचं, आकडा नावापुढे लिहायचा आणि कोणी कुठं बसायचं ते ठरवायचं, हे बाईंचं काम. जड माणसं पुढे, हलकी मागे. पण इतक्या वर्षांत एकाचाही आकडा त्यांच्या तोंडून फुटला नव्हता. खुद्द नवऱ्यानं शेजारणीचं वजन खोदून खोदून विचारलं, तरी नाही. या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता.

"मग राहिलं," लेखक म्हणाला. "आणखी दहा वर्षांनी कुणी म्हणेल, इथून विमानं उडायची? काहीतरीच."

हे मात्र बाईंच्या जिव्हारी लागलं. त्या कपाटापासून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "ज्याचं त्याला दाखवीन. तो सांगेल तेवढंच तुम्ही लिहायचं."

लेखकानं गावभर निरोप दिला आणि माणसं येऊ लागली. लसींची पेटी मांडीवर घेऊन जाणारी नर्स आली, डोळे घट्ट मिटून सोळा वेळा प्रवास केलेले मास्तर आले. बाई शेजारच्या ओळींवर हात ठेवून प्रत्येकाला त्याचीच ओळ दाखवत होत्या.

चौथ्या दिवशी साठीच्या एक बाई आल्या, त्या तक्रार घेऊनच.

"लग्नाला आठ दिवस झाले होते आमच्या. तुम्ही मला पुढं बसवलंत आणि ह्यांना पार मागं. सगळा रस्ता मी मान वळवून बसले होते."

काटेबाईंनी पान उघडलं.

"माझं राहू द्या, ह्यांचं सांगा," त्या बाई हळूच म्हणाल्या. "मागच्या वर्षी गेले ते."

काटेबाई अडखळल्या. ही ओळ ज्याची, तो आता विचारायला येणार नव्हता. लेखक न सांगताच उठून बाहेर गेला. काटेबाई त्या बाईंच्या कानाशी वाकल्या आणि पुटपुटल्या.

"एकावन्न?" त्या बाई चकित झाल्या. "चपलांसकट?"

"चपलांसकट."

"आणि मी?"

"अठ्ठावन्न."

त्या हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "लबाड माणूस. जन्मभर मला सांगत होते, वजनदार माणसांना मागं बसवतात म्हणून."

मग पदरानं डोळे पुसून त्यांनी लेखकाला हाक मारली. "या आत. लिहून घ्या, नावासकट. त्या विमानात माझा नवरा बसला होता."

लेखकानं वही उघडली. "किती किलो म्हणालात?"

त्यांनी काटेबाईंकडे बोट दाखवलं. काटेबाईंनी चष्मा नीट केला आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवला, तारखेसकट.