चौथ्या बॅचमधली कोरिन

कॉलेजात फिजिक्स विभागाच्या ऑफिसात माझं टेबल दारासमोरच आहे. तिथं बसून सव्वीस वर्षं मी मुलांना एकच गोष्ट सांगत आलेय. शाळेत असतानाच देता येणाऱ्या, कॉलेजच्या पातळीच्या एपी परीक्षेत पाचपैकी पाच मिळालेत ना, मग पहिलं फिजिक्स करू नका, त्या मार्कांचं क्रेडिट घ्या आणि थेट दुसऱ्याला बसा. चार महिने वाचतात, मुलं खूश, आईबाप खूश. मी तर खूशच, कारण माझ्या याद्या आखूड होतात.

कोरिन डुफेक मात्र ऑगस्टच्या उकाड्यात फॉर्मकडे नुसती बघत उभी राहिली. विल्बर या चेक लोकांच्या गावची, सतरा-अठराची पोर.

"मिसेस ओडल, मी पहिल्यापासूनच करू का? आमच्या सरांनी चाळीस जुने पेपर घोटून घेतले. उत्तरं येतात मला, पण ती तशी का, ते कळत नाही."

"पाचपैकी पाच आणि म्हणे कळत नाही! शहाणीच आहेस."

"नाही, खरंच."

"अगं, इथं येणारी प्रत्येक हुशार पोर हेच रडगाणं गाते. कर सही."

मागे रांग लागली होती आणि मला भूक लागली होती. मी पेन तिच्या हातात अक्षरशः कोंबलं.

ऑक्टोबरमध्ये ओटिस हजेरीचे कागद घेऊन आला. ओटिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावर पहिल्या फिजिक्सची प्रॅक्टिकल घेणारा पीएचडीचा विद्यार्थी. कशाबद्दलही कुरकुर करू शकतो.

"व्हर्ना, तुझी यादी चुकलीय. मंगळवारी दोनची चौथी बॅच. तू तेवीस नावं दिलीस आणि माझ्यापुढे चोवीस डोकी बसतात. ती जादा मुलगीच वर्गात सगळ्यांत चांगली आहे, बोल!"

"नाव काय तिचं?"

"कोरिन डुफेक."

"तिनं क्रेडिट घेतलंय. ती कशाला येईल?"

"मला काय विचारतेस? ही तिची वही."

वहीत सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ होती. चेक घरांमधल्या आज्या तशी शिकवतात, आणि फॉर्मवर कोरिननंही तश्शीच मारली होती. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'पहिल्यापासून करतेय, कारण कळलेलं नाही.' ती वही मी माझ्याकडेच ठेवून घेतली.

त्याच आठवड्यात कोरिन आली. कोपराला पट्टी, गुडघे सोललेले.

"मी जिन्यावर पडते, मिसेस ओडल. पुढची पायरी कुठंय याचा अंदाजच येत नाही. काल मैत्रिणीनं सफरचंद फेकलं. दिसत होतं, पण कुठं येणार ते कळेना, थेट कपाळावर बसलं. दुसऱ्या फिजिक्सच्या वर्गात सर बल म्हणतात, गती म्हणतात, आणि माझ्या डोक्यात काहीच हलत नाही. जे थोडंफार येत होतं तेही दर मंगळवारी कमी होतंय."

मी ओटिसनं आणलेली वही पुढे केली. तिनं पानं उलटली आणि पुन्हा पहिल्यावर आली.

"अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "पण मी हे लिहिलेलं नाही. मला हे येतच नाही."

मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी नियम शोधते. नियम असा की एकच विषय दोनदा मोजला जात नाही. वर्गात बसलात की परीक्षेचं क्रेडिट रद्द.

"क्रेडिट परत कर आणि त्या वर्गात तूच जाऊन बस," मी म्हटलं. "एका नावाला एकच जागा. मग त्या दुसरीला राहायला जागा कुठली?"

या वेळी तिनं लगेच सही केली.

मंगळवारी दोन वाजता मी तिच्याबरोबर वर गेले. दाराच्या काचेतून शेवटचं टेबल दिसत होतं. तिथं कोरिन लंबकाची दोरी मोजत होती. आणि माझ्या शेजारी कोरिन माझा हात घट्ट धरून उभी होती.

"मी आत गेले की ती जाईल ना?"

"जाईल," मी म्हटलं. मला काय ठाऊक होतं, डोंबल!

ती आत गेली. टेबलाजवळची उठली, तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली, तिच्या खांद्यावरची बॅग हलकेच उतरवून स्वतःच्या खांद्याला लावली. मग बाहेर आली, दार लावून घेतलं.

"थँक्यू, मिसेस ओडल. जाते, दुसऱ्या फिजिक्सच्या तासाला उशीर होतोय."

दोन-दोन पायऱ्या गाळत ती खाली गेली. मी दार ढकलून आत पाहिलं. कोरिन मान खाली घालून लिहीत होती.

"ही टर्म संपली की सुटले ना मी?" तिनं विचारलं.

"हो गं," मी म्हटलं.

जानेवारीत नवी यादी आली. चौथी बॅच, मंगळवार दोन, कोरिन डुफेक. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. प्रॅक्टिकल घेणारे दर टर्मला बदलतात, ओटिस डिग्री घेऊन टेक्सासला गेला, आणि नव्या मुलांना आधी कोण होतं ते माहीत नसतं. जुन्या याद्या मी एकटीच बघते. एकदा विभागप्रमुखांच्या दारापर्यंत गेले होते. सही कुणी करायला लावली, हे विचारतील म्हणून परत फिरले. आता सुट्टीतसुद्धा ती त्या टेबलाशी असते. मी डोकावले की तेच विचारते आणि मी तेच उत्तर देते.

यंदा मे महिन्यात पदवीदान झालं. फिजिक्समध्ये पहिली आली कोरिन डुफेक. समारंभानंतर तिची आई कोलाच्यांचा, म्हणजे चेक गोड पावांचा, डबा घेऊन मला शोधत आली, माझा हात हातात घेतला.

"पहिल्या वर्षी तुम्हीच तिला मार्गी लावलंत म्हणे. आता बघा, कशात म्हणून चुकत नाही. माझ्याशी भांडतसुद्धा नाही." तिनं थोड्या अंतरावर उभ्या लेकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वेडेपणा आहे माझा, पण कधीकधी वाटतं, आमची कोरिन अजून घरी आलीच नाही. कॉलेजात मुलं बदलतात, नाही का?"

"बदलतातच," मी म्हटलं, आणि तिची मुलगी वर दुसऱ्या मजल्यावर बसलेली असताना तिच्या हातून डबा घेतला.