अन्नाचे आभार

वितळलेलं लोणी.

एक बिशप, दोन मंत्री, बर्फात हरवलेला एक खलाशी.

ओल्या लोकरीचा वास.

"रांगफ्रिद, भिंतीवर माझं चित्र लागेल ना, त्या दिवशी सांगतो. सगळ्यांसमोर. आईशप्पथ!"

हे तोरलाइवचं वाक्य. गेल्या आठवड्यात, फोनवर. आमच्या शाळेच्या जिन्यात नामवंत माजी विद्यार्थ्यांची चित्रं आहेत. बिशप, मंत्री, खलाशी तिथलेच. आज त्यांच्या शेजारी तोरलाइव लागला. संगीतकार. त्याचं नाव झालं ते एका गाण्यामुळे, सतरा मेला, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत पोरंसोरं गातात त्या. चाल माझी. आम्ही एका वर्गात होतो. तेव्हा तो म्हणाला होता, "दोन नावं कोण छापतंय, वेडे?" मी गप्प बसले. बसूनच राहिले.

त्यानिमित्तच्या जेवणात कॉड मासा होता, बटाटे आणि लोणी. तोरलाइवनं पेल्यावर सुरी वाजवली आणि उभा राहिला.

"थंडीचे दिवस. शाळेचा पोटमाळा. मी एकटा आणि तो जुना पियानो. चाल आपोआप आली."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टाळ्या. मुख्याध्यापिका गुनवोरबाई माझ्या कानाशी वाकल्या. "शेवटी अन्नाचे आभार तुम्ही मानायचेत हं. तोरलाइवनीच सुचवलं तुमचं नाव."

म्हणजे नाव घेतलं होतं त्यानं. बटाट्यांसाठी.

अन्नाचे आभार मानले की जेवण संपतं. मग कुणाचं भाषण नाही, खुर्च्याच सरकतात. शेवटचा शब्द माझा होता. मी उठले.

"मासा ताजा होता. लोणी भरपूर. स्वयंपाकघरातल्या सगळ्यांचे आभार." मी त्याच्याकडे वळले. "आणि तोरलाइव, तू शाळेपासून ताटात काही टाकत नाहीस. दुसऱ्याच्या ताटातलंही संपवतोस."

हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. डोळे पुसत म्हणाला, "बघा, म्हातारीची जीभ अजून तशीच!"

खुर्च्या सरकल्या. कुणीतरी ते गाणं सुरू केलं, सगळे उभ्यानं गायले. मधल्या वळणावर तोरलाइव चुकला. तिथे तो नेहमीच चुकतो.

माझे वडील शाळेचे शिपाई होते. त्या हिवाळ्यात पोटमाळ्याला कुलूप असायचं, आणि किल्ली आमच्या घरी.