पेंड

थोरलीने चाळणी उचलली आणि भावाच्या टेबलावर पालथी केली. चहाच्या कपाभोवती वाळूचा ढीग झाला.

"हे तुझं मासळीचं कूट," ती म्हणाली. "एका पोत्यातली वाळू आहे ही. माझ्या माशांना बंगला बांधायचाय का?"

धाकट्याने कप उचलून बाजूला ठेवला. बारीक मासळी वाळवून दळण्याचा कारखाना वडिलांच्या मागे त्याच्याकडे आला होता आणि तलाव थोरलीकडे. तिच्या खाद्याच्या गोळ्यांत याच कारखान्याचं कूट पडायचं, आणि दोघांची कुरबुरही तेवढीच जुनी होती.

"मासळी किनाऱ्यावर वाळते, ताई. गादीवर नाही. पटत नसेल तर घेऊ नकोस."

"नाहीच घेणार."

"मग काय खाऊ घालशील? पालापाचोळा?" तो दारातल्या हमालांकडे बघून हसला. "मासे खाणारी जात आहे ती. त्यांच्या गळ्यात माळ घालणार आहेस का?"

हमालही हसले. त्या हसण्याने थोरलीचं डोकं फिरलं. "सोयाबीनवर वाढवून दाखवते," असं ती बोलून बसली आणि तरातरा निघाली.

वनस्पतीचं खाद्य हा काही तिने हवेत मारलेला बाण नव्हता. इतर तळेवाले निम्मंअर्धं कूट कमी करून सोयाबीनची पेंड घालू लागले होते. नवऱ्याने सांगून पाहिलं, "आपणही हळूहळू घेऊ. आधी एका तलावात करून बघू." पण थोरलीला हळूहळू नको होतं. कुटाचा कणही गोळीत पडता कामा नये, असं तिने यंत्रावरच्या माणसाला बजावलं आणि मिळेल ती पेंड घाईघाईने आणवली.

पहिल्या सकाळी मासे नेहमीसारखे उसळून वर आले, गोळ्या तोंडात घेतल्या आणि थुंकून टाकल्या. पाण्यावर गोळ्यांचा तवंग आला. बांधावर स्कूटर लावून धाकटा उभाच होता.

"मीठ कमी पडलं वाटतं!" तो ओरडला.

मग तो रोज येऊ लागला. गाडीवरून उतरायचाही नाही. पाय टेकून बघायचा, एखादं वाक्य फेकायचा आणि जायचा. थोरली त्याच्याकडे पाठ करून आणखी गोळ्या फेकायची. उपाशी मासे अखेर खाऊ लागले, तेव्हा तिने मान वळवून त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की, तो स्कूटर वळवून निघून गेला.

तो विजय टिकला नाही. मासे सुस्तावले, कडेला येऊन पडून राहू लागले, मग मरून तरंगू लागले. माशांच्या डॉक्टरीणबाईंनी बांधावरच एक मासा चिरला. आतडं सुजून लालभडक झालं होतं.

"पेंड नीट भाजलेली नाही," त्या म्हणाल्या. "कच्ची सोयाबीन यांच्या पोटाला झेपत नाही. आणि कूट एकदम बंद करायला कोणी सांगितलं तुम्हाला? थोडं तरी हवं. बाकीचं सावकाश बदला."

नवरा मेलेले मासे टोपलीत भरू लागला. त्याचाही तिला राग आला. माशांवरचा राग नव्हता तो, आणि भावावरचाही पुरता नव्हता. हे मासे तिने स्वतःच्या हाताने मारले होते, एका माणसाच्या हसण्यापायी.

कूट आणायला नवरा गेला आणि हात हलवत परत आला. "तिला येऊ दे म्हणतो. हमालांसमोर माफी मागू दे."

पाठोपाठ आईचा फोन. आई धाकट्याकडे राहायची. "माग की. तुझी जीभ काय झिजणार आहे?"

"त्याने कधी मागितली, आई?"

"तो तुझ्यापेक्षा लहान आहे."

"मग लहानच राहू दे त्याला," म्हणून थोरलीने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती मासळी बाजारात गेली. कापणाऱ्या बायका मुंडकी, काटे, आतडी टोपल्यांत टाकत होत्या. ते सगळं तिने उचललं, मोठ्या पातेल्यात शिजवलं, वाटलं आणि भाजलेल्या पेंडीत थोडंसं मिसळलं. गल्लीभर असा वास सुटला की, शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि तिचा उद्धार केला. माशांनी मात्र गोळ्या चट्ट केल्या. हळूहळू मरतूक थांबली. मासे अंगाने भरले. मग इतर तळेवाले तिच्याकडे गोळ्या मागू लागले. त्यातले बरेच जण धाकट्याची गिऱ्हाइकं होते, हे तिला माहीत होतं. तिने एकालाही नाही म्हटलं नाही.

धाकट्याचं यंत्र कधी चालू, कधी बंद, असं होऊ लागलं. हमाल पांगले. आणि एके सकाळी भावजय पदर खोचून तिच्या दारात उभी राहिली.

"वन्सं, काम आहे का?"

"त्याला विचारलंस?"

"विचारलं असतं तर आले असते का?"

थोरलीने तिला पेंड भाजायच्या कढईवर बसवलं. दुपारी धाकटा आला. या वेळी स्कूटरवरून उतरला, फाटकाच्या गजांना धरून उभा राहिला.

"बाहेर पाठव तिला!"

"तिला पाय आहेत. यायचं असेल तर येईल."

भावजयीने मान वर केली नाही. उलथनं तेवढं जोरात फिरू लागलं.

"गिऱ्हाईक नेलंस, आता बायको नेतेस." त्याचा आवाज चिरकला. "आई गेली तरी कळवणार नाही तुला. समजलं?"

त्याचे डोळे भरून आले होते. हे बघायची तिने किती वाट पाहिली होती! आता समोर दिसत होतं, तर तिला बघवेना. 'आत ये, पाणी पी,' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती म्हणाली, "फाटक सोड. गाडी यायचीय."

तो गेला. खाद्य न्यायला आलेली गाडी आत आली, पोती चढू लागली. भावजय कढईपाशी तशीच बसून होती, डोळे पुसत. थोरली जवळ गेली आणि पेंडीचा दाणा दाताखाली घेऊन पाहिला.

"अजून कच्ची आहे," ती म्हणाली. "भाज."