आपलं औषध

रुग्णालयाच्या औषध समितीपुढे मंजुरीला आलेला नियम होता साधाच: ज्या डॉक्टरचं एखाद्या कंपनीबरोबर संशोधन चालू आहे, त्याने त्या कंपनीच्या औषधाचा विषय निघाला की उठून बाहेर बसायचं. हृदयविभागाच्या प्रमुखांना तो भलताच झोंबला.

"शिक्षा झालेल्या पोरासारखं बाहेर बसू? प्रयोगशाळा कंपनीने बांधून दिली, पण तपासण्या माझ्या! आपल्या या नव्या औषधाने पाय सुजल्याची एकसुद्धा तक्रार नाही."

समोर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी होती, आता औषधशास्त्राची प्राध्यापक. ती हळूच म्हणाली, "सर, आपल्या म्हणजे कुणाच्या?"

सगळे हसले. सरही हसले, पण कान तापले. निर्णय उद्यावर गेला.

संध्याकाळी ते ताईकडे गेले. त्यांच्याच सांगण्यावरून तीही ते नवं औषध घेत होती. दार उघडायला आली ती पाय ओढत. पाय टम्म फुगलेले. त्यांनी खाली बसून बोटाने दाबलं, तर खळगा तसाच राहिला.

"अगं, तपासणीला येतेस तेव्हा कुणी विचारत नाही?"

"विचारतात की. मी म्हणते, काही त्रास नाही."

"का पण?"

"आता तूच उठता-बसता म्हणतोस, आपलं औषध, आपलं औषध. मग घरच्या वस्तूला चारचौघांत नावं ठेवू? तुझं हसं झालं असतं, बाबा."

पाऊल त्यांच्या हातातच होतं. मान काही वर होईना. ही तर बहीण. पण वॉर्डात हात जोडून 'तुम्ही देवमाणूस' म्हणणाऱ्या किती जणांनी असंच त्यांचं मन राखलं असेल? देवाने दिलेलं तोंड त्या भोळ्या माणसांनी त्यांच्यासाठी मिटून घेतलं, आणि त्या गप्प राहण्यालाच ते पुरावा म्हणत आले.

"गोळी आजपासून बंद. उद्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं. मला नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीला ताईच्या पायांचं सगळं सांगितलं. "आधीच्या प्रत्येक रुग्णाला पुन्हा विचारा. मी नसताना विचारा. आप..." जीभ अडखळली. "त्यांच्या औषधाबद्दल." आणि खुर्ची सरकवून ते बाहेर आले.

बाहेरच्या बाकावर ताई दुसऱ्या डॉक्टरांसाठी नंबर लावून बसली होती. तिने सरकून जागा दिली.

"काय रे, बाहेर घालवलं की काय तुला?"

"मीच आलो."

"मग तोंड का पाडलंयस?"

त्यांनी वाकून तिच्या सुजलेल्या पायात रुतणारा चपलेचा पट्टा सैल केला.