चौघांच्या शर्यतीची चकती

मी एक जुनी चकती आहे. धावणं, उड्या, भालाफेक, अख्खं मैदान माझ्या पोटात. आणि जाडीला मी नखाएवढी. आहे कुणाची छाती?

मित्रांनो, आम्ही तिघी बहिणी. व्हिडिओ गेम एकच, पण तीन वेगवेगळ्या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांसाठी, घडवलेला. थोरल्या दोघींचे कन्सोल ताकदवान. त्यांच्यात धावपटूच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसे. माझा कन्सोल साधा, म्हणून माझ्या मैदानातले प्रेक्षक पुठ्ठ्याचे वाटत. समीक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं आणि मला नावं ठेवली. "नुसती बटणं बडवायची," म्हणे! शेवटी कंपनीने ठरवलं, आता उरलेल्या एका मासिकानेही नाक मुरडलं तर माझ्यासारख्या चकत्या काढणं बंद.

त्या मासिकाचा समीक्षक माणूस शहाणा. पण तिथली रीत अशी, की ज्याने त्याने आपल्या खोलीत दार लावून खेळ तपासायचा. चौघांचा खेळ, आणि खेळणारा एकटा! बाकीच्या तिघा धावपटूंना कन्सोलच पळवी. ते ना हसत, ना चिडत. त्याने दहापैकी तीन गुण लिहून टाकले. मी काय बोलणार, कपाळ?

भालाफेक तपासायची राहिली होती, म्हणून रविवारी त्याने मला घरी नेलं. त्याची आई, बायको आणि मेहुणी कोचावर येऊन बसल्या. चौघांच्या हातात कंट्रोलर आले.

"आई, हळू दाब, बोट दुखेल," तो म्हणाला.

"बोट माझं आहे. तू तुझा गडी सांभाळ, तोंडावर पडलाय बघ!"

"अहो आई, मला मागे टाकू नका हं," बायको ओरडली.

"मग पळ की! एरवी जिभेला बरा वेग असतो!"

मेहुणी हसता हसता कोचावरून खाली घसरली. मी आत गरगर फिरत होते आणि थक्क होऊन ऐकत होते. एवढा आनंद माझ्या पोटात होता? माझं मलाच ठाऊक नव्हतं! पुठ्ठ्याच्या प्रेक्षकांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मासिकात छापून आलं, "एकट्याने खेळाल तर दहापैकी तीन. चौघांनी खेळाल तर गुण मी काय देऊ? मी माझ्या आईकडे बघत राहिलो आणि शेवटचा आलो."

माझ्यासारख्या चकत्या निघत राहिल्या.

आता मी कपाटात धूळ खात असते. मित्रांनो, मला पुसाल तर मऊ कापडाने, मधून कडेकडे पुसा. गोल गोल घासलंत तर ओरखडे पडतात. आणि मला लावण्याआधी घरातल्यांना हाक मारा. कुणी म्हणालं, "मला नाही बाई जमत," तर पहिला कंट्रोलर तिच्याच हातात द्या.