कोमट पाण्याचा हौद

"बर्फाच्या कारखान्यात उतरवलंय मला, बर्फाच्या," दुर्गाबाई ओठातल्या ओठात पुटपुटल्या. दंड धरून त्यांना पायऱ्या उतरवणाऱ्या सुनेला, वंदनालाच तेवढं ऐकू गेलं.

"कसंय पाणी?" काठावरून नवऱ्यानं, पुंजारामांनी विचारलं.

"गरम हाय की!" दुर्गाबाई म्हणाल्या, आणि दात वाजू नयेत म्हणून पदराचं टोक तोंडात धरलं.

गुडघ्यांचं ऑपरेशन त्यांना नको होतं. मग रोज कोमट पाण्यात चाला, म्हणाले डॉक्टर. पुंजारामांनी शेतातला सिमेंटचा हौद वाढवून घेतला, फरश्या बसवल्या, आणि मोसंबीची बाग मोडल्यापासून पडून असलेला काळा पाइप गोठ्याच्या पत्र्यावर जिलेबीसारखा वेटोळून ठेवला. हौदातलं पाणी मोटारीनं वर चढावं, उन्हात तापून खाली यावं, असा बेत. आष्टी गावचे लोक त्याला पुंजारामचा स्विमिंग पूल म्हणत. शेती मुलाच्या, भागवतच्या हाती दिल्यापासून म्हातारा पहिल्यांदाच असा खुशीत होता. चक्क शिट्टी वाजवायचा.

अडचण एवढीच, की पुंजारामांचा हात मोटारीच्या बटणाकडे रात्रीच जायचा. ती छोटी मोटार घरच्या लाईटवर दिवसभर चालली असती. पण शेतीची लाईट रात्रीच यायची, म्हणून सगळी हयात रात्रीच्या लाईनवर पिकाला पाणी दिलेला माणूस. मध्यरात्री जाग आली की उठून मोटार लावायचा. पौषातल्या थंडीत पाणी रातभर पत्र्यावर हिंडून यायचं. दिवसा ऊन पाइपावर नुसतंच बसून राहायचं.

वंदनाच्या हे केव्हाच ध्यानात आलं होतं. तिनं भागवतला सांगितलं.

"मंग तूच सांग. तुझंच ऐकतेत ते," म्हणून तो मोकळा झाला.

ती सांगायला गेलीही. पण सासरे शिट्टी वाजवत समोरून आले, तशी "मामा, चहा टाकू का?" एवढंच विचारून परतली.

दुर्गाबाईंचं चालणं मात्र घटत चाललं होतं. आधी चकरांवर चकरा मारायच्या. हल्ली एक झाली की पायऱ्या शोधायच्या. आज तर अर्ध्यातच थांबल्या, गुडघा घट्ट धरून.

"काय झालं?" पुंजाराम पुढं वाकले.

"काही न्हाई. लई गरम व्हायलंय."

वंदनानं मान खाली घातली.

पुंजाराम सरळ झाले. मग टोपी काढून काठावर ठेवली, सदरा काढला, आणि धोतर खोचून पायऱ्या उतरू लागले. इतक्या दिवसांत त्यांनी पाण्यात पाय टाकला नव्हता. छातीशी पाणी आलं तसा त्यांचा श्वास अडकला. तरी चालत बायकोजवळ गेले, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"गार हाय," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून गारच हाय. रोज हात घालून बघतो की मी. पण तुम्ही सगळे गरम गरम करायलात, मंग मी एकट्यानं गार कसं म्हणावं?"